भुईची ओटी

आमच्या घरात चैत्राचे पहिले तीन दिवस जमिनीला लोखंड लागत नसे. पाडव्याची गुढी उभी राहिली की आत्या घरभर फिरून विळे, खुरपी, कुदळ, पहार, कुऱ्हाड असं सगळं गोळा करी, माळवदाच्या जिन्याखाली पोत्यावर आडवं ठेवी आणि वरून जुनं लुगडं पांघरे. तीन दिवस कुणी त्याला हात लावायचा नाही. कांदा उपटायचा नाही, खुंटी ठोकायची नाही, चुलीसाठी माती खणायची नाही. एका वर्षी गाईची खुंटी नेमकी पाडव्यालाच निघाली. ती ठोकता येईना, म्हणून माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, गाय तीन दिवस दाराच्या कडीला बांधली. येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी गाईची परवानगी काढावी लागे. नाना चिडत, पण आत्या त्यांची थोरली बहीण, आणि तिच्यापुढे त्यांचा आवाज कधी फारसा चढला नाही.

कारण विचारलं तर आत्या सांगे की भुई बाजूला बसली आहे. आमच्याकडे बाईला महिन्यातून तीन दिवस वेगळं बसवत. पाण्याला शिवायचं नाही, चुलीकडे जायचं नाही, कोपऱ्यात घोंगडीवर पडून राहायचं. तशी भुई वर्षातून एकदा बसते, असं आत्याचं म्हणणं. पानगळ झाली, नवी पालवी फुटली, म्हणजे तिचं अंग मोकळं झालं, आता तिला तीन दिवस कुणी काम सांगू नये. माझी माय भाकरी थापता थापता म्हणे, "आपल्याला महिन्याला अन् तिला वर्साला. नशीब काढलं भुईनं." आत्या हसे. नणंद-भावजयीचं आमच्या घरात बरं होतं. हे पुढे कामाला आलं असतं असं वाटतं, पण आलं नाही.

हा नेम गावात दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हता. आत्याची सासू तो पाळायची म्हणे. तिची सासरची माणसं पैनगंगेकडच्या डोंगरातली. आत्याला तिच्या नवऱ्यानं टाकलं होतं. त्यानं दुसरी आणली, आणि आत्या एका पेटीसह माहेरी परत आली. पेटीत दोन लुगडी, एक अडकित्ता आणि सासूचा हा नेम, एवढंच होतं. नवरा जिवंत, त्यामुळे कपाळावर कुंकू ठसठशीत. मूलबाळ नाही. उंच, काटक, मिसरीनं काळे झालेले दात, आणि चालताना जमिनीकडे बघत चालायची सवय. तिचं नाव दुर्पदा. आमचं गाव गोरेगावहून दोन कोस आत, डोंगराच्या पायथ्याला. त्या गावात नवऱ्यानं टाकलेली, लेकरू नसलेली आणि झाडाशी बोलणारी अशी एकच बाई होती. लोक तिला घाबरत नसत. तिची गरजच जास्त पडे. बाळंतिणीचं पोट चोळायला, लेकराच्या खोकल्याला अडुळशाचा काढा करायला, गाय अडली तर हात घालायला तिलाच बोलावणं येई. पण गरजेचं माणूस आणि विश्वासाचं माणूस यांत फरक असतो, हे मला बाराव्या वर्षी कळलं.

त्या तीन दिवसांचं जेवण मला अजून आठवतं. जमिनीतून काढावं लागेल असं काही चालत नसे, म्हणून कांदा-लसूण बंद. पाडव्याला पुरणाची पोळी आणि त्याआधी लिंबाच्या मोहोराचा, गुळाचा, चिंचेचा गोळा. आमच्याकडे कडुनिंबाला नुसतं लिंबच म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून वाळवलेल्या अंबाडीची भाजी, वर करडईचं तेल, कैरीचा ठेचा, ज्वारीची भाकरी. लसणाशिवायची अंबाडी मला आवडत नसे आणि मी तोंड वाकडं करी. दुपारी घर निवांत. एरवी कुणीतरी काहीतरी ठोकत, कापत, खणत असे. त्या तीन दिवसांत ते आवाज बंद झाले की लांबचे आवाज घरात येत. उंबरावर बसून एकसुरी टुकटुक करणारा तांबट, आणि शेजारच्या किसनकाकांच्या विहिरीवरचं डिझेलचं इंजिन. दोघांची लय जवळपास एकच होती.

या दिवसांत आत्या झाडांना भेटायला जाई. 'पूजेला' असं ती कधी म्हणाली नाही. भेटायलाच. ओढ्याकाठचा उंबर, माळावरचा मोह, टेकडीच्या कडेचे पळस. पळस तेव्हा पानाविना नुसते तांबडे झालेले असत. मला बरोबर नेई. ती खोडाला हात लावी आणि तोच हात आपल्या गळ्याला लावी, बाया एकमेकींना भेटतात तसं. उंबराखाली सात दगड शेंदूर लावून ठेवले होते, त्या साती आसरा. त्यांच्यापुढे ती पाण्याचा एक तांब्या ओती. फुलं झाडाची तोडत नसे, पडलेलीच वेची. एखादं पान औषधाला लागलंच तर आधी म्हणे, "घेऊन राहिले गं माय, रागावू नको." मी मागून तिची नक्कल करी. तिला ते चाले. एकदा मी उंबराला विचारलं की माय, तू रागावलीस का, आणि तेवढ्यात एक कच्चं उंबर माझ्या डोक्यावर पडलं. आत्या पोट धरून हसली.

मी पुढे शिक्षिका झाले आणि एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. जमीन विसावा घेते वगैरे माझा विश्वास नाही. तेव्हाही फारसा नव्हता, लहान होते म्हणून मजा वाटे. गेल्या वर्षी माझ्या भावाची नात पुण्याहून आली होती. तिनं मोबाईलवर परदेशातल्या काही बाया दाखवल्या. डोक्यावर फुलांची कडी, अनवाणी, वसंत आला म्हणून झाडाभोवती फेर धरून नाचत होत्या, जमिनीवर कपाळ टेकवत होत्या. "आजी, या स्वतःला विच म्हणवतात. म्हणजे चेटकीण. अभिमानानं," ती म्हणाली, आणि जरा थांबून म्हणाली, "मीपण आहे." तिच्या गळ्यात चंद्रकोरीचं पदक होतं. मी तिला म्हटलं, छान आहे, फक्त गोरेगावच्या बाजारात हे मोठ्यानं बोलू नकोस. ती हसली. तिच्या पणजोबांच्या बहिणीला हाच शब्द कसा मिळाला, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या घरात ते कुणी बोलतच नाही. म्हणून हे सांगते आहे.

चौथ्या दिवशी भुई न्हाऊन उठे. त्या दिवशी आत्या तिची ओटी भरी. सवाष्णीची ओटी भरतात तशीच. लाल खणाच्या तुकड्यात ओंजळभर ज्वारी, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, कुंकवाची पुडी आणि एक हिरवी बांगडी. त्याची पुरचुंडी बांधायची, उजाडता उजाडता आपल्या वावराच्या उगवतीच्या कोपऱ्यात जायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, आणि हातानं माती उकरून ती पुरायची. हातानंच. न्हाऊन उठलेल्या बाईच्या अंगावर पहिला स्पर्श लोखंडाचा नको, असं ती म्हणे. ओटी पुरून झाली की घरी येऊन लोखंडावरचं लुगडं काढायचं, आणि गाव जसं एरवी चाले तसं आमचं घर पुन्हा चालू लागे.

मी बारा वर्षांची होते त्या वर्षी आत्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. तिनं रुईचा चीक लावला, बिब्बा लावला, पण टाच सुजून आली. चौथ्या दिवशी पहाटे तिला पाऊल टेकवेना. तिनं मला उठवलं, न्हाऊ घातलं, झग्याला लावलेली पिनसुद्धा काढून घेतली, कारण ती लोखंडाची, आणि पुरचुंडी माझ्या हातात दिली. कुठे पुरायची ते मला पाठ होतं. उगवतीचा कोपरा, धुऱ्याजवळ. धुरा म्हणजे बांध. धुऱ्याच्या अलीकडे आमचं वावर, पलीकडे किसनकाकांचं.

आमचं वावर कोरडवाहू. ज्वारी निघून महिना झालेला, जमीन भेगाळलेली. मी बसले आणि बोटांनी उकरू लागले. चार बोटं खोल जाईपर्यंत दोन नखं मागे गेली. आत्याचे हात कसलेले होते, ती वरची ढेकळं उचलून खालची माती मोकळी करी. मला ते जमेना. रडू यायला लागलं. समोर धुऱ्यापलीकडे किसनकाकांचा उन्हाळी भुईमूग. आदल्याच दिवशी पाणी दिलेलं, वाफे ओले, काळे, मऊ. मी धुरा ओलांडला, कडेच्या वाफ्यात दोन झाडांच्या मधे हात घातला, आणि हात मनगटापर्यंत आत गेला. पुरचुंडी ठेवली, माती सारखी केली आणि घरी आले. मी काही चूक करते आहे असं मला वाटलं नव्हतं. काम झाल्याचा आनंद होता, आणि भूक लागली होती.

आत्या ओट्यावर पाय लांब करून बसली होती. "पुरलीस?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "आपल्या कोपऱ्यात?" मी पुन्हा मान हलवली. तिनं माझे दोन्ही हात ओढून घेतले, लिंबाची काडी घेतली आणि एकेक नख साफ केलं. बराच वेळ लावला. मग हात धुतले, पुसले आणि म्हणाली, जा, मायनं लसणाची चटणी केली आहे. तीन दिवसांनी लसूण मिळत होता. मी पळाले.

किसनकाकांच्या घरात त्या साली नवी सून होती, इंदू. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी असेल. सासरी आली तेव्हा ओट्यावर बसून मला केसांत गजरा कसा माळायचा ते दाखवायची. तिला चौथा महिना होता. ओटी पुरल्याला आठवडा झाला असेल, एका सकाळी त्यांच्या घरून बायकांचे आवाज आले आणि मग बंद झाले. दुपारी माय म्हणाली, इंदीचं गेलं. आत्या लंगडत निघाली होती काढा घेऊन, पण तिला दारातूनच परत पाठवलं, इंदू झोपली आहे म्हणून. ते खरंही असेल. दोन दिवसांनी खुरपणाऱ्या बायांना भुईमुगाच्या वाफ्यात लाल पुरचुंडी सापडली.

पुढे जे झालं ते फार वेगानं झालं. दुपारपर्यंत पुरचुंडी मारुतीच्या पारावर आली. मी पुरलेल्या वस्तू सात होत्या. संध्याकाळपर्यंत लोकांच्या तोंडी त्यात लिंबू आलं, टाचण्या आल्या, मग कापडाची बाहुली आली. बाहुली कुणीच पाहिली नव्हती, पण तिचं पोट दोऱ्यानं कसं आवळलं होतं ते सांगणारे चार जण निघाले. हिरवी बांगडी मात्र खरीच होती, आणि एका गरोदर सुनेच्या वावरात हिरवी बांगडी पुरलेली सापडते याला गावात एकच नाव होतं. ते नाव घेऊन कुणी आमच्या घरी आलं नाही. दिवेलागणीच्या आधी नानांना आणि आत्याला पारावर बोलावलं, एवढंच.

मी मायच्या मागे, बायांच्या घोळक्यात उभी होते. पोरं खेळत होती, त्यांना हाकललं. किसनकाका ओरडले नाहीत. ते भले गृहस्थ होते. पेरणीला आमच्या बैलाबरोबर त्यांचा बैल जुंपला जायचा. ते एवढंच म्हणाले की दुर्पदाबाई, माझ्या घरात तुमचं काय वाकडं होतं ते सांगा. बाकीच्यांचं म्हणणं निराळं होतं. कुणी म्हणे केस कापा, कुणी म्हणे नाक घासायला लावा, कुणी म्हणे या चेटकिणीला गावात ठेवूच नका, आज इंदी, उद्या दुसरी. नानांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता. ते आत्याकडे वळून हळू म्हणाले, "अक्का, तू तं आपल्या वावरात पुरतीस दरसाल. अन् तुहा पाय तं असा झाला. तू गेलीस कवा?"

त्या क्षणी गोष्ट उघड व्हायला एका वाक्याची गरज होती आणि ते वाक्य माझ्याकडे होतं. मी पुरली, आपली जमीन टणक लागली म्हणून. मी लहान होते. लोक चिडले असते, नानांनी दोन ठेवून दिल्या असत्या, पण पोरीची चूक म्हणून बहुधा विषय मिटला असता. किंवा नसताही मिटला. आज मी दोन्ही बाजूंनी विचार करू शकते. तेव्हा मी विचार करत नव्हते. मला भीती वाटत होती, आणि इंदूचं लेकरू खरंच माझ्या हातानं गेलं असेल असं वाटत होतं. मी मायचा पदर धरून उभी राहिले.

आत्यानं माझ्याकडे बघितलं नाही. ती नानांना म्हणाली, "पहाटी गेले. काठी टेकत. औंदा तिकडं पुरली." मग किसनकाकांकडे वळून म्हणाली, "पुरली म्या. पर ती करणी न्हाई, भुईची वटी हाय. तुमच्या सुनंचं मी काहून वाईट चिंतीन? तिचं पोट मीच चोळणार व्हते."

शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. बायांत कुजबुज सुरू झाली की बघा, पोटावर हात ठेवायचा होता हिला. शेवटी ठरलं ते असं, की तिनं ती पुरचुंडी डोक्यावर घेऊन गावाच्या शिवेबाहेर टाकून यायची, पुन्हा गावात असलं काही करायचं नाही, आणि ज्या घरात गरोदर बाई किंवा बाळंतीण आहे त्या घराची पायरी चढायची नाही. नानांनी सगळ्याला हो म्हटलं. केस वाचले, यातच त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं. आत्या निघाली. सुजलेली टाच टेकवत, दोन माणसं मागे, आणि बरंच मागे मी. वाट ओढ्याकाठच्या उंबराखालून जाते. तिथे ती कधी खोडाला हात लावल्याशिवाय पुढे गेली नव्हती. त्या दिवशी गेली. मी मात्र तिथून पुढे जाऊ शकले नाही. उंबराखाली बसून खूप रडले. अंधार व्हायच्या आत ती परत आली तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, चल, मायनं दिवा लावला असंल.

आत्या आमच्याच घरी राहिली. कुणी तिला त्रास दिला नाही. सरळ टाळलं. अडलेल्या गाईसाठीसुद्धा कुणी बोलवेना. विहिरीवर ती पोहोचली की पोटुशी बाई घागर अर्धी भरून निघून जाई. ती सगळ्यांच्या आधी जाऊन पाणी आणू लागली. पुढच्या पाडव्याला नानांनी लोखंड जिन्याखाली जाऊ दिलं नाही. विळे जागेवर राहिले, कांदा चिरला गेला, लसूण ठेचला गेला. ते तीन दिवस आत्या ओट्यावर हात मांडीत ठेवून बसून राहिली, आणि अंबाडीच्या भाजीतला लसूण बोटानं बाजूला काढून जेवली. मी समोर बसून जेवत होते. मला हवी तशी भाजी आता मला रोज मिळत होती.

मी मॅट्रिक झाले, हिंगोलीला शिकायला गेले, नोकरी लागली, लग्न झालं. या सगळ्याला आत्या हजर होती, फक्त माझ्या डोहाळजेवणाला आली नाही. मी बोलावलं होतं. ती म्हणाली, नको, कुणाच्या तरी मनात येईल. माझा मुलगा सहा महिन्यांचा झाल्यावर आली, आणि त्याला मांडीवर घेण्याआधी मला विचारलं, घेऊ का. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, घे की, विचारतेस काय.

सांगितलं ते तिच्या शेवटच्या दुखण्यात. ती औषधासाठी माझ्या हिंगोलीच्या घरी महिनाभर होती. पारावरच्या त्या संध्याकाळीला एकोणीस वर्षं झाली होती. मी शाळेतून आले, तिच्या खाटेपाशी बसले आणि म्हटलं, "आत्या, ती वटी किसनकाकाच्या वावरात म्या पुरली व्हती."

"ठाव हाय," ती म्हणाली. "तुही नखं काढली ना म्या त्या दिशी. वली माती व्हती. आपल्या वावरात चैतात वली माती कुठून यील?"

मग तिनं हळूहळू सांगितलं. तिला तेव्हाच कळलं होतं, पण वाटलं, भुईला काय धुरा ठाऊक आहे, अलीकडची काय नि पलीकडची काय, ओटी भरली म्हणजे झालं. म्हणून ती काही बोलली नाही. तिची चूक तिथे झाली, असं तिचं म्हणणं. पारावर माझं नाव का घेतलं नाहीस, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाली, तुझं लग्न व्हायचं होतं. माझ्यावर आलं ते माझ्याबरोबर संपेल, तुझ्यावर आलं असतं तर तुझ्या लेकरापर्यंत गेलं असतं. हे ती इतक्या सहज म्हणाली की मला तिचे पायसुद्धा धरता आले नाहीत.

"पर तू कवा सांगतीस ते पाहून राहिले व्हते," ती म्हणाली. "लई दिस लावलेस. मला सांगून आता काय? इंदीला सांग."

त्या पावसाळ्याआधी आत्या गेली. इंदूला सांगायला मी आणखी लई दिवस लावले. कधी नाना होते म्हणून, कधी किसनकाका होते म्हणून. मग दोघंही गेले, तेव्हा आता कशाला उकरायचं म्हणून. मुलांना मी शाळेत अंधश्रद्धेवर दरवर्षी एक तास घेत असे. उदाहरणं पुस्तकातली देई.

या वर्षी पाडव्याला भावाकडे गेले होते. तिसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर एकटीच वावराकडे गेले. भावाचं सोयाबीन कधीच निघालं होतं. धुरा तोच आहे, जरा बारीक झालाय. पलीकडे आता हळद असते. काढणी झाली होती, सगळं वावर ट्रॅक्टरनं उलथून टाकलेलं, आणि इंदूवहिनी एकटी बसून मातीत राहिलेली हळदीची बोटं खुरप्यानं उकरून टोपलीत टाकत होती. आता पंच्याहत्तरी ओलांडली असेल. तिची तीन मुलं, सात नातवंडं. मला बघून म्हणाली, "बाई, बसा." मी शिक्षिका झाल्यापासून ती मला बाईच म्हणते.

मी उभ्यानंच सांगितलं. ओटी कुणाची, कशासाठी, कुणी पुरली, का इथे पुरली. सगळं सांगायला चार-पाच मिनिटं लागली असतील. पन्नासहून जास्त वर्षं मी ज्याला भीत होते ते एवढंच होतं. वहिनी मान खाली घालून ऐकत होती. खुरपं मातीत रोवलेलं होतं आणि तिचा हात मुठीवर. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, किंवा आता काय त्याचं म्हणेल. तिनं मान वर केली.

"मग माह्यं लेकरू काहून गेलं, बाई?"

चौथ्या महिन्यात गर्भ का पडतो याची कारणं मला माहीत आहेत. मी ती वाचलेली आहेत. त्यातलं एकही तिच्यापुढे ठेवण्यासारखं नव्हतं. इतकी वर्षं तिच्याकडे निदान एक कारण होतं, त्याला नाव होतं, चेहरा होता. ते मी आज काढून घेतलं होतं.

"मला न्हाई ठाव, वहिनी," मी म्हटलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, त्या माउलीच्या मयताला मी आले नाही. माझ्या तिन्ही लेकरांना तिच्या सावलीला उभं राहू दिलं नाही. विहिरीवर ती दिसली की घागर अर्धी घेऊन फिरायचे. हे ती मला सांगत नव्हती, समोरच्या मातीला सांगत होती. मग तिनं विचारलं, "ते तीन दिस म्हंजे कोणचे?"

"पाडव्यापसून. आज तिसरा."

वहिनीनं रोवलेलं खुरपं उपटून काढलं. त्याची माती लुगड्याच्या काठानं पुसली आणि ते हात लांब करून धुऱ्यावरच्या दगडावर ठेवलं. मग पुन्हा वाकून ती बोटांनीच हळद शोधू लागली. तिची बोटं वाकडी झालेली आहेत, तिला ते जड जात होतं. मी चप्पल काढली, धुरा ओलांडला आणि तिच्या शेजारी बसून उकरू लागले.